२०२४: मागे वळून पाहताना

२०२४ मधील बढतीचा आनंद खरा होता, पण हे वर्ष आठवते ते दोन दिवसांमुळे. ४ जुलैला टी-ट्वेंटी विश्वविजेत्या भारतीय संघाच्या स्वागतासाठी मरीन ड्राइव्हवर लोटलेल्या जनसागरात मी आणि धाकटा भाऊ तासन्‌तास उभे होतो आणि खेळाडूंची बस दिसताच आम्हा दोघांचेही डोळे भरून आले. महिनाभरात आई गेली.

३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, तेव्हा गिरगावातील शाळेत आयुष्यभर मराठी शिकवणारी आई ते ऐकायला नव्हती, ही खंत आजही सलते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून मी वर्तमानपत्रातील ती बातमी, तिला आवडायची तशी, सावकाश आणि मोठ्याने वाचली.