आमची वाटचाल : डॅटच्या पुस्तिकांपासून पदव्युत्तर पदविकेपर्यंत

सांगलीत करिअर मार्गदर्शनाचं केंद्र चालवणं म्हणजे काय, हे दहावीच्या निकालानंतरचे पंधरा दिवस ज्यांनी अंगावर घेतलेत त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही 2004 साली सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि बाई. बाईंनी मला शाळेत गणित शिकवलं, पुढे मानसशास्त्र केलं आणि शाळेच्या समुपदेशक म्हणून त्या निवृत्त झाल्या. त्या मला आजही अरेतुरे करतात आणि केंद्रातल्या मुलींसमोरही करतात. त्यांच्याकडे डॅटचा, म्हणजे मुलाला कोणत्या प्रकारचं काम जमेल हे तपासणाऱ्या 'डिफरेन्शियल अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट्स'चा, एक संच होता, दोन स्टॉपवॉच होती आणि तपासणीच्या स्टेन्सिली होत्या. आमचं भांडवल तेवढंच.

1947 साली अमेरिकेत निघालेली ही अभिक्षमता चाचणी अनेकांना जुनाट वाटते. तिच्या जुन्या संचात आठ उपचाचण्या असतात. त्यातली कारकुनी वेगाची घेताना बाईंचा चेहरा बघण्यासारखा असायचा. दोन भाग, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि 'थांबा' म्हटलं की पेन्सिल खाली. एका पोरानं चार सेकंद जास्त घेतली तरी त्याचा गुण बाद. नॉर्म्स, म्हणजे इतर मुलांच्या गुणांवरून ठरवलेले तुलनेचे आकडे, तीन मिनिटांवर काढलेले असताना सव्वातीन मिनिटांचा गुण त्यांना लावायचा कसा? उत्तरपत्रिकेवर स्टेन्सिल ठेवायची, भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या, पुन्हा दुसऱ्यानं मोजायच्या. पुस्तिका कायम विकत घेतल्या. झेरॉक्स काढून चाचण्या घेणारे याच शहरात होते आणि आहेत.

पुढची काही वर्षं बरी गेली. शाळा वाढल्या, माणसं वाढली. 2016 मध्ये दहावीच्या मुलांसाठी सरकारी कलचाचणी सुरू झाली तेव्हा लोक म्हणाले, आता तुमचं दुकान बंद. झालं उलटंच. "आवड कळली, आता पुढं काय?" म्हणत पालक तो कागद घेऊन आमच्याकडे यायला लागले.

आम्हाला आडवं केलं ते बोटांच्या ठशांनी. शहरात एक केंद्र आलं. काचेचं ऑफिस, छोटं स्कॅनर मशिन, दहा बोटांचे ठसे, आणि चाळीस पानी रंगीत अहवाल. मुलगा डॉक्टर होणार की सीए, हे पाच मिनिटांत. आमच्याकडे मूल अडीच तास बसायचं, मग वेगळ्या दिवशी मुलाखत, मग पालकांसोबत बैठक. संस्थाचालकांना ते जड व्हायला लागलं. शिवाय त्या केंद्राकडून शाळेला प्रत्येक मुलामागे वाटा मिळायचा. आम्ही एक रुपया दिला नाही, देणारही नाही. दोन हंगामांत बहुतेक शाळा तिकडे गेल्या. ज्या मुख्याध्यापकांच्या घरच्या मुलांनासुद्धा आम्ही मार्गदर्शन केलं होतं, ते फोन उचलेनात. हे मी विसरलेलो नाही.

बोटांवरच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच बनतात आणि जन्मभर तशाच राहतात. गावात गॅरेज आहे का, आईनं मुलीला बँकेत सोबत नेलं का, आठवीत गणिताला कोणते सर होते, यातलं काहीही त्या रेषांना माहीत नसतं. मग कॉमर्स की सायन्स हे त्या कशा सांगणार? मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनंही या ठसे-चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं आहे. पण अहवाल रंगीत होता.

त्याच दिवसांत मी पुण्याला दोन वर्षांच्या अर्धवेळ पदव्युत्तर पदविकेला नाव घातलं. विषय करिअर विकासाचे सिद्धांत आणि करिअर कोचिंग. वय बेचाळीस. शुक्रवारी रात्री स्वारगेटची एसटी, शनिवार-रविवार वर्ग, सोमवारी सकाळी केंद्राचं कुलूप उघडायला हजर. घरचे म्हणाले, धंदा बसत असताना फी कसली भरतोस? बाई म्हणाल्या, "तू जा. इथलं मी बघते."

तिथं पहिल्यांदा आमच्या कामाची वंशावळ सलग समजली. 1908 साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्सनं व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं आणि त्याच वर्षी तो गेला. स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घाला, ही त्याची रीत. बाई नाव न घेता आयुष्यभर तेच करत आल्या होत्या. मग जॉन हॉलंडनं पाडलेले माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार, मग डोनाल्ड सुपर, ज्यानं करिअर हा एकदाच घ्यायचा निर्णय नसून आयुष्यभर चालणारी गोष्ट आहे असं मांडलं. मला सगळ्यात हलवलं ते लिंडा गॉटफ्रेडसन यांच्या 1981 च्या सिद्धांतानं. सहा ते आठ वर्षांच्या वयात मुलं 'हे बायकांचं काम, हे पुरुषांचं' म्हणून कामं वगळायला लागतात. नऊ ते तेरामध्ये 'हे आपल्यासारख्यांचं नाही' म्हणून वगळतात. म्हणजे दहावीनंतर मूल आपल्यासमोर बसतं तेव्हा निम्मी दारं त्यानं आधीच लावून घेतलेली असतात. पाचवी ते सातवीच्या मुलींसाठीचं आमचं काम तिथून सुरू झालं.

कोचिंगच्या सरावाला प्रत्यक्ष मुलाखत ध्वनिमुद्रित करायची, शब्दशः उतरवायची, आणि समुपदेशक किती बोलला, समोरचा किती बोलला हे मोजायचं. मानधन घेऊन काम करणाऱ्या प्रत्येकानं हे वर्षातून एकदा तरी करावं. करिअरची गोष्ट माणसाकडूनच काढून घेणारी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क सॅविकस यांची मुलाखत मी तिथंच शिकलो. तिचा पहिला प्रश्न असा, की लहान असताना तुला कोणासारखं व्हावंसं वाटायचं?

पलूस तालुक्यातल्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक आम्हाला कधीच सोडून गेले नाहीत. त्यांच्या शाळेतला एक मुलगा ठशांचा अहवाल घेऊन आला. अहवालात वैद्यकीय क्षेत्र, वडिलांनी लातूरला क्लासची चौकशीही केलेली. मी तो प्रश्न विचारला. पोरगा आधी बापाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मामासारखं." मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटर आली की आधी जुन्या वायंडिंगचे वेढे मोजून वहीत लिहायचे, मगच तार कापायची, नाहीतर मोजमाप गेलं. हे त्यानं मला दहा मिनिटं हातवारे करून सांगितलं. त्याआधी तो हो-नाहीपलीकडे बोलला नव्हता. डॅटमध्ये यांत्रिक तर्क आणि अवकाशीय संबंध दोन्ही वरच्या पट्टीत. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल, हवं तर नंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, हा रस्ता वडिलांना कागदावर काढून दिला. वडील तासभर भांडले आणि मग कागद घडी घालून खिशात ठेवला. मुलगा इलेक्ट्रिकललाच गेला.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. आमचं केंद्र तळमजल्यावर होतं. पुस्तिका, स्टेन्सिली, पंधरा वर्षांच्या नोंदी, सगळ्याचा लगदा झाला. गाळ काढताना एक स्टॉपवॉच सापडलं, तेही बंद. भाडं थकलेलं, शाळा गेलेल्या. केंद्र बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात पलूसचे सर आले आणि त्या वर्षीच्या शिबिराची पूर्ण रक्कम आगाऊ देऊन गेले. पावती घ्यायलाही थांबले नाहीत. त्या पैशांतून डॅटचा नवा संच आला आणि माझ्या शेवटच्या सत्राची फी भरली. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पदविकेत शिकलेली मुलाखत फोनवरून घेता आली. ठशांच्या मशिनला मात्र बोट समोर लागायचं.

पालकांना एवढंच सांगतो. कोणताही अहवाल हातात आला की हे नॉर्म्स कोणत्या मुलांवर काढलेत, ते विचारा. उत्तर आलं नाही तर पैसे परत मागा. आणि या धंद्यात येणाऱ्यांनो, चाचणी घ्यायला चार दिवसांत शिकता येतं, पण समोर बसलेल्या पोराचं ऐकायला रीतसर शिका. शनिवार-रविवार गेले तर जाऊ द्या.

ते काचेचं ऑफिस आता तिथं नाही. सोडून गेलेल्या शाळांपैकी काही परत आल्या, पण का गेलो होतो हे एकानंही सांगितलं नाही. गेल्या वर्षी एकानं निरोप धाडला, फक्त चाचणी घ्या, मुलाखती नकोत, वेळ जातो. आम्ही नाही म्हणालो. बाई आता गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत, म्हणून नव्या समुपदेशक मुलींनाच त्यांच्या घरी पाठवतो. तिथं त्या तीन मिनिटांची शिस्त शिकतात. पलूसचे सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी रुजू होताच फोन करून जुलैच्या तारखा पक्क्या केल्या, आणि सातवीच्या मुलींसाठी एक दिवस वेगळा मागून घेतला.