चार जुलै, काळे वाटाणे आणि अ‍ॅल डेव्हिस

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आमच्या गल्लीत सकाळपासून कोळशाचा धूर, जो तो बर्गर नाहीतर रिब्स भाजतोय, आणि आमच्याकडे आदल्या रात्रीच काळे वाटाणे भिजत पडलेले असतात. कारण त्या दिवशी अ‍ॅल डेव्हिसचा वाढदिवस. नवरा म्हणतो, स्वतःच्या सासऱ्याचा वाढदिवस लक्षात राहत नाही, हा बरा राहतो. राहतो खरा.

डेव्हिस म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ओकलंड रेडर्स टीमचा मालक. अमेरिकन फुटबॉल, आपला नाही. १९२९ चा जन्म, २०११ च्या ऑक्टोबरमध्ये गेला. पांढरा ट्रॅकसूट, मागे चापून बसवलेले केस आणि आयुष्यभर कोर्टकचेऱ्या, त्याही स्वतःच्याच लीगविरुद्ध, म्हणजे एनएफएलविरुद्ध. १९६३ मध्ये तेहतिसाव्या वर्षी कोच म्हणून आला तेव्हा टीमने आदल्या सीझनला १४ पैकी १३ मॅच हरलेल्या, याने पहिल्याच वर्षी १० जिंकून दिल्या. पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, तीनदा जिंकला. मी नोकरीसाठी इथे आले तेव्हा बार्ट या इथल्या लोकल ट्रेनमध्ये काळे-चंदेरी चेहरे रंगवलेली, खांद्यावर काटे नि कवट्या लावलेली माणसं बघून आधी घाबरलेच होते, मग त्यातल्याच एका कवटीने मला बसायला जागा दिली. तिथून मी रेडर्सची.

तर थीम रेडर्सच्या रंगांची, काळी आणि चंदेरी. काळ्या वाटाण्याचं सांबारं, कारळ्याची चटणी, शेजारी पांढऱ्याशुभ्र आंबोळ्या, ताटं स्टीलची (चंदेरी, फुकटात!) आणि शेवटी वर्ख लावलेली काजू कतली. सोलकढीचा फार मोह झाला होता पण ती पडली गुलाबी, म्हणून ताक.

सांबाऱ्याची गंमत अशी की वाटपाचं खोबरं नेहमीपेक्षा जरा जास्तच काळपट भाजायचं असं मी ठरवलेलं, रंग यायला नको? मग काय, स्मोक अलार्म बोंबलायला लागला, नवरा स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतोय, मी खिडक्या उघडायला पळाले आणि तेवढ्यात खोबरं खरंच जळलं. कडू. टाकलं, परत पहिल्यापासून. आई फोनवर म्हणाली, काळे वाटाणे मुळात काळेच असतात गं.

जेवायला शेजारचे आजोबा. मूळ ओकलंडचे, सत्तरच्या दशकात रेडर्सच्या कोलिझियम स्टेडियमला सीझन तिकीट असलेले. आणि डेव्हिसचं नाव काढलं की त्यांचा चेहरा त्या खोबऱ्यासारखा होतो. त्यांचं बरोबरच आहे हो. स्टेडियम दरवेळी भरत असताना हा माणूस लीगशी खटला लढून १९८२ ला टीम लॉस एंजेलिसला घेऊन गेला. १९९५ ला परत आला तो कोलिझियममध्ये एवढं अवाढव्य स्टँड बांधून घेऊन की मागच्या टेकड्या दिसेनाशा झाल्या, लोक त्याला ‘माउंट डेव्हिस’च म्हणायला लागले. त्याचं कर्ज शहर आणि काउंटीच्या डोक्यावर, आणि २०२० ला टीम मुलाने लास वेगसला नेली तरी फेडणं चालूच होतं. आपल्याकडे याला घर पाहुण्याचं नि भाडं यजमानाचं म्हणतील.

मग मी वाढदिवस का करते? कारण याच हट्टी माणसाने १९६३ मध्ये अलाबामातल्या मोबीलला, जिथे काळे-गोरे वेगळे बसवायचे, तिथे सराव सामना खेळायला नकार दिला होता. १९८९ ला आर्ट शेलला हेड कोच केलं, आधुनिक एनएफएलमधला पहिला कृष्णवर्णीय. १९९७ ला एमी ट्रास्क नावाच्या बाईला टीमची सीईओ केलं. ऑफिसात मीटिंगमध्ये एकटी बाई म्हणून बसायची वेळ आली की मला ती आठवते, काय करू. आणि हो, हा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला शेवटच्या प्लेला रेडर्सचे अकराऐवजी दहाच जण मैदानात होते आणि तरी बॉल अडवून जिंकले, २५-२०. अकरावा कोण होता ते आम्हा फॅन लोकांना विचारू नका, रडू येतं.

हे सगळं मी आजोबांना आंबोळी वाढता वाढता ऐकवलं. त्यांनी मान डोलावली नाही, वाद पण घातला नाही, सांबारं मात्र तीनदा घेतलं. कारळ्याची चटणी काय आहे विचारलं, सांगितलं, परत घेतली.

मग काजू कतली पुढे केली. वर्ख लावताना पंखा चालू राहिल्याने निम्मा माझ्या कोपराला चिकटलेला, पण उरलेला छान चमकत होता. आजोबांनी एक वडी उचलली, उजेडात धरून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि नखाने सगळा वर्ख खरवडून ताटाच्या कडेला पुसला. मग खाल्ली.