काय मोजायचे?

दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाचे प्रकरण संपले, म्हणजे जीएसटी आणि शेअरवरची दलाली एकदाची पचनी पडली, की पाचवे प्रकरण संभाव्यतेचे येते आणि मुलांना हायसे वाटते. नाणी, फासे, पत्ते, पिशवीतले रंगीत चेंडू. सूत्रही एकच, घटनेतील निष्पत्तींची (म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या निकालांची) संख्या भागिले नमुना अवकाशातील (म्हणजे शक्य असलेल्या एकूण) निष्पत्तींची संख्या. वर्गसमीकरणे सोडवलेल्या मुलाला एक अपूर्णांक तो काय जड जाणार? मला मात्र हे प्रकरण त्या इयत्तेतले सर्वांत निसरडे वाटते, कारण भागाकार कोणालाही जमतो, पण नेमके काय मोजायचे हे ठरवताना भले भले घसरतात. सूत्र लागू पडण्यासाठी सर्व निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या, असाव्या लागतात, आणि व्याख्या पाठ करताना मुले नेमकी हीच अट ओलांडून पुढे जातात.

माझी परळची पुतणी यंदा दहावीला आहे. दोन नाणी एकाच वेळी फेकली असता किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता तिने 2/3 काढली होती. तिचा विचार सरळ होता: दोन छापे, एक छापा किंवा एकही नाही, अशा तीन शक्यता, त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. मी जेवणाच्या टेबलावर दहाचे एक आणि रुपयाचे एक नाणे ठेवले. दहावर छापा व रुपयावर काटा ही एक निष्पत्ती, आणि रुपयावर छापा व दहावर काटा ही दुसरी, हे डोळ्यांना दिसताच तिने तीनाच्या चार निष्पत्ती केल्या आणि उत्तर 3/4 वर आणले. मग जरा थांबून तिने विचारले, "पण काका, दोन्ही रुपयाचीच असती तर?" पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा हा प्रश्न मोलाचा आहे. आपल्याला नाणी वेगळी ओळखता येवोत वा न येवोत, ती दोन आहेत आणि आपापली पडतात. आपल्या नजरेशी त्यांना काही देणेघेणे नसते. फ्रान्सचा थोर गणिती दालाँबेर यानेही 1754 मध्ये विश्वकोशातल्या लेखात याच प्रश्नाला 2/3 हेच उत्तर दिले होते. पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ संपला, मग दुसरी फेक मोजायची कशाला, असे त्याचे म्हणणे. पहिल्याच फेकीत छापा, आधी काटा मग छापा, किंवा दोन्ही वेळा काटा, या तीन शक्यता त्याने बरोबर ओळखल्या, परंतु पहिलीचे वजन उरलेल्या प्रत्येकीच्या दुप्पट आहे हे त्याच्या ध्यानात आले नाही.

फाशांच्या बाबतीत मात्र अनुभव गणिताच्या पुढे धावतो. मे महिन्याच्या सुट्टीत चाळीच्या गॅलरीत 'व्यापार' खेळलेल्या कोणालाही दोन फाशांवर सात वारंवार पडतात आणि बारा क्वचित, हे सूत्राशिवाय ठाऊक असते. 36 पैकी सहा निष्पत्ती साताच्या आणि एकच बाराची, हे शाळा नंतर सांगते. गॅलिलिओच्या काळातल्या जुगाऱ्यांची नजर तर याहून तयार होती. तीन फाशांची बेरीज नऊ आणि दहा, दोन्ही सहा-सहा प्रकारे जमतात, तरी दहा जास्त वेळा पडते अशी त्यांची शंका होती. गॅलिलिओने एकूण 216 निष्पत्ती मांडून नऊच्या 25 आणि दहाच्या 27 निघतात हे दाखवून दिले. शेकडा एकाहूनही कमी असलेला हा फरक खेळता खेळता हेरणाऱ्यांनी किती रात्री आणि किती पैसे घालवले असतील, कोण जाणे.

पत्त्यांची उदाहरणे मुलांना अवघड जातात, पण त्यात गणिताचा दोष नाही. गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटण्याची चाल अनेक घरांतून गेली, आणि आता इस्पिक-किल्वर काळे आणि बदाम-चौकट लाल, हेही शिकवावे लागते.

नाणेफेकीचा विषय निघाला की मुंबईत वानखेडे आठवणारच. 2 एप्रिल 2011 रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे संगकाराने काय मागितले ते सामनाधिकारी जेफ क्रो यांना ऐकू गेले नाही, म्हणून नाणे पुन्हा फेकले गेले आणि श्रीलंकेने कौल जिंकला. पहिला कौल आपला होता, म्हणून दुसरा हातचा जाणारच होता, असे छातीठोक सांगणारे अजूनही भेटतात. नाण्याला आधीची फेक आठवत नसते. दुसऱ्या खेपेलाही संभाव्यता 1/2 च होती.

यावर पुतणीने विचारले, की मग लोकल वेळेवर येईल किंवा येणार नाही, निष्पत्ती दोनच, म्हणजे तिथेही 1/2 का? नाणे आणि फासा यांच्या बाजू सारख्या घडवलेल्या असतात, म्हणून तिथे प्रयोग न करताही मोजता येते. लोकलच्या वेळेवर येण्याला आणि न येण्याला अशा सारख्या बाजू नाहीत, त्यामुळे तिथे सूत्र हात टेकते. तिची संभाव्यता हवी असेल तर वही घेऊन फलाटावर उभे राहावे लागेल, रोजची नोंद महिनोन्‌महिने ठेवावी लागेल, आणि पावसाळ्यासाठी वही वेगळी घालावी लागेल.