मला काय ताप आलाय?

तंजावर, रविवार रात्र

आज हे ‘वा’ म्हणाले. मोठ्याने, चारचौघांत, आणि एकदा म्हणून थांबलेही नाहीत.

झालंय एवढंच. पण सकाळपासून ते डोक्यातून जात नाहीये. हजार वर्षांपूर्वीचं एवढं मोठं देऊळ बघून आले आणि त्याच्याबद्दल लिहायचं सोडून हे लिहीत बसलेय, यावरूनच काय ते समजावं.

सकाळी सातलाच दारासुरमच्या देवळात पोचलो होतो. मंडपालाच दगडी चाकं नि घोडे लावून त्याचा रथ केलाय. एकेका खांबावर इतकं बारीक काम की नाक लावून बघावं. पण यांना भूक लागली की देव काय नि दगड काय. ‘चला, चला’ सुरू झालं. मी मागे बघत बघत बाहेर पडले. ड्रायव्हरने कुंभकोणममध्ये एका साध्याशा हॉटेलापुढे गाडी लावली. लाकडी बाकं, केळीचं पान, स्टीलचे पेले. वाढणारा म्हणाला, इडली, कडप्पा.

“कडप्पा? ओटा वाढतोयस की काय बाबा?” असं म्हणून हे स्वतःच हसले. त्या बिचाऱ्याला काय कळणार. त्याने इडल्यांवर पळीभर ओतलं आणि पुढच्या पानाकडे गेला.

फिकट पिवळसर, वरण म्हणावं तर तसं नाही, कुर्मा म्हणावा तर त्याहून पातळ. बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची, वाटलेलं ओलं खोबरं. बडीशेपेचा वास आधी येतो, मागून दालचिनी. लाल तिखटाचा पत्ता नाही. इडलीत ते असं मुरलं होतं की तुकडा मोडायचीसुद्धा गरज नव्हती. खोटं कशाला बोलू, मीही दोन घास डोळे मिटून खाल्ले. आम्ही तिथे फक्त भूक भागवायला शिरलो होतो. असलं काही पानात पडेल असं वाटलं नव्हतं.

आणि तिसऱ्या घासाला माझ्या लक्षात आलं, ही मुगाची डाळ आहे.

मुगाची डाळ! आमच्या घरात मुगाच्या डाळीचं वरण केलं की हे ताटाकडे बघून विचारतात, “मला काय ताप आलाय?” खिचडीचं तेच, कढणाचं तेच. आईंनी हळूच शिकवलं होतं, तुरीत मूठभर मूग मिसळायचे आणि बोलायचं नाही. तेही यांनी ओळखलं. माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे हे सोडून. यांची जास्तीत जास्त पसंती म्हणजे “मीठ बरोबर आहे.” पुरुषाचं ताट बघावं, तोंड बघू नये, असं आई म्हणायच्या. मी ताटंच बघत आले. रिकामं ताट म्हणजे वा, असं स्वतःच ठरवून टाकलं. आई आज असत्या तर... जाऊ दे.

तर हे ‘वा’ म्हणाले. मग ‘क्या बात है’ म्हणाले. मग आचाऱ्याला बाहेर बोलवा म्हणाले! तो आला, लुंगी, खांद्यावर टॉवेल, कपाळावर घाम. आपलं काही चुकलं की काय अशा चेहऱ्याने उभा. यांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. त्याला हिंदी येत नव्हतं, यांना तमिळ. तो गोंधळून आत गेला आणि भांडंच घेऊन आला, आणि यांच्या पानावर आणखी ओतलं. सगळं हॉटेल हसत होतं. मीही हसत होते. आणि घशात इडली अडकली होती.

नेमकं कशाचं वाईट वाटलं? दुसऱ्याच्या हाताचं कौतुक केलं म्हणून? तो तर बापडा सकाळपासून भट्टीपुढे उभा असणार, त्याला घरी कुणी वा म्हणत असेल-नसेल. त्याचा हेवा नाही वाटला. खरंच नाही. मग मूग होते म्हणून? तेही थोडं असेल. पण ते नुसतं हसण्यासारखं आहे, घशाशी येण्यासारखं नाही.

मला वाटतं, ते इतक्या सहज म्हणाले, ते लागलं. म्हणजे शब्द येत होता. जीभ जड नव्हती. मी आपली समजत होते की यांचा स्वभावच तसा. एखाद्याला गाता येत नाही, तसं यांना ते येत नाही. आणि इथे बघते तर तान घेतायत.

दुपारभर मी गप्प गप्प होते. यांच्या लक्षात आलं नाही, हे वेगळं लिहायला नको. संध्याकाळी इथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारात गुडघ्यांनी संप केला म्हणून दगडावर बसून राहिले. वर दोनशे फुटांहून उंच विमान, म्हणजे देवळाचं शिखर, १०१० साली राजराज चोळाने पुरं केलेलं, उतरत्या उन्हात मधासारखं दिसत होतं, आणि माझ्या डोक्यात इडली. हे भिंतीवरचा मराठी शिलालेख शोधत होते. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा सगळा इतिहास तिथे कोरून घेतलाय. तमिळ मुलखात, चोळांच्या देवळाच्या भिंतीवर आपली मराठी! हे एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचत होते आणि मला हाका मारत होते. मी गेले नाही. मनात म्हटलं, वाचा, वाचा, राजांचं कौतुक तरी दगडावर राहतं. इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळच्या मराठी पाककृतींची हस्तलिखितंसुद्धा आहेत म्हणतात. रांधणाऱ्यांची नावं असतील का त्यांत?

इतका वेळ स्वतःची कीव करत बसायला मला आजवर घरी कधी सवड मिळाली नव्हती. सहलीचा हाही एक फायदा.

मनूचा फोन आला होता. तिचं तेच. त्यावर आज नाही लिहीत.

खरी गंमत मधल्या वेळात झाली होती, ती आत्ता लिहिताना चढतेय. तंजावरला येताना तिरुवैयारूला थांबलो होतो. कावेरीकाठी संगीतकार त्यागराजांची समाधी, आणि गावात अशोका नावाचा हलवा प्रसिद्ध. केशरी, मऊ, तुपाने थबथबलेला. यांनी एक द्रोण संपवून दुसरा घेतला. “गाजराचा हलवा असा पाहिजे बघ, तोंडात ठेवला की गेला!”

गाजराचा. मी जिभेवर ठेवल्याबरोबर ओळखलं होतं, तरी खात्री म्हणून दुकानदाराला विचारलं. त्याने बरणीतली डाळ काढून दाखवली. पिवळी, सालं काढलेली. मी मान डोलावली आणि यांना म्हटलं, “हो, गाजर चांगलं आहे इकडचं.”

म्हणजे आज दिवसभरात यांनी मुगाशिवाय फारसं काही खाल्लंय, असं म्हणता येणार नाही. आणि ताप? थर्मामीटर बॅगेत आहे, पण अंग गार आहे.

मघाशी खोलीवर आल्यावर हे पलंगावर आडवे होत म्हणाले, “तो सकाळचा कडप्पा, घरी जमेल का गं तुला?”

“जमेल की. फक्त तुम्हाला ताप यायला हवा.”

“म्हणजे?”

म्हणजे काही नाही म्हटलं. वहीच्या मागच्या पानावर मात्र लिहून ठेवलंय: मूग मऊ शिजवून, बटाटा अर्धवट कुस्करून, खोबरं, बडीशेप आणि डाळवं एकत्र वाटून, फोडणीत दालचिनी, तमालपत्र. खसखस होती की नाही, त्याबद्दल खात्री नाही. घरी केला की नाव कडप्पाच सांगायचं. मूग हा शब्द उच्चारायचा नाही. आईंचीच युक्ती, जरा पुढे नेलेली. वा म्हणतील? म्हणणार नाहीत. मीठ बरोबर आहे म्हणतील, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतील, आणि मी पुन्हा ताटाकडे बघेन. माझंही वय झालं आता, नवीन काय शिकणार.

उद्याचा बेत मात्र यांनी बदललाय. सरस्वती महाल दुपारी, सकाळी आधी परत कुंभकोणम, चाळीस किलोमीटर उलटं, फक्त त्या कडप्पासाठी. ड्रायव्हरला सांगूनही झालं. मी लगेच हो म्हटलं. दारासुरम तिथून अगदी जवळ आहे, आणि सकाळचं ऊन त्या चाकांवर कसं पडतं ते मला नीट बघायचंय. या वेळी कुणी ‘चला, चला’ म्हणणार नाही, कारण जायला जागाच उरणार नाही. त्या हॉटेलात कडप्पा फक्त रविवारी करतात. गल्ल्यावरच्या माणसाने मला सकाळीच सांगितलंय.