अस्तरावरचा डाग

मी शिवणकाम करते. गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावात घराच्या ओसरीतच माझी मशीन आहे. दसऱ्याच्या तोंडावर ऊसतोडीला निघणाऱ्या बायकांची कपड्यांची घाई असते. त्याच दिवसांत मी माझाच एक जुना ब्लाउज उसवायला घेतला, अन् उजव्या बाजूच्या अस्तरावर, बरोबर टकाच्या टोकापाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळट डाग दिसला. बोटाला कडक लागला. धुऊनही गेला नव्हता. दुसरा ब्लाउज काढला, त्यातही त्याच जागी तसाच डाग. डावी बाजू दोन्हींची स्वच्छ.

खाज पाडव्यापासूनच होती. बोंड म्हटलं की आमच्याकडं आधी कापसाचं आठवतं, पण बायका आपसांत स्तनाच्या टोकालाही बोंडच म्हणतात. इथं मी तोच शब्द वापरणार आहे, कारण लाजून "तिथं, तिथं" म्हणण्यातच माझे आठ महिने गेले.

सुरुवातीला वाटलं, उन्हाळा आहे, घाम मुरला असेल. खोबरेल लावलं, हळद लावली. मग मेडिकलवरून ट्यूब आणली. आठ दिवसांत खपली पडली, खाली कातडी गुळगुळीत. मी खूश. ट्यूब थांबवली तसं पंधरा दिवसांत सगळं परत आलं. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा तेच. असं तीनदा झालं. एका डॉक्टरांना दाखवलं म्हणते खरी, पण त्यांनी पाहिलंच नाही. "खाज आहे? नायटा असेल," म्हणून दुसरी ट्यूब लिहून दिली. मला राग आला तो पुष्कळ दिवसांनी. त्या वेळी उलट सुटल्यासारखं वाटलं होतं, की हूक काढावा लागला नाही.

दिवाळीपर्यंत रूप बदललं. बोंडाच्या टोकावर पापुद्रे सुटायचे, खाली लालभडक, ओलसर. खपली निघाली की टाचणी टोचल्यासारखा रक्ताचा थेंब यायचा. खाजेच्या जोडीला आग आणि मुंग्या. एकदा आरशासमोर दोन्ही बाजू ताडून पाहिल्या, तर उजवं बोंड चपटं होऊन आत दबलेलं. छातीत गाठ मात्र कुठं नव्हती. कॅन्सर म्हणजे गाठ, एवढंच मला माहीत. गाठ नाही म्हणजे भीती नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते.

मार्गशीर्षात आशाताई तीस वर्षांपुढच्या लोकांचा फॉर्म भरायला आली. वयानं माझ्या लेकीएवढी. साखर, बीपी विचारून झालं, मग म्हणाली, "मावशी, छातीत गाठ हाय का?" मी नाही म्हटलं. "बोंडातून रक्तबिक्त?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिनं पेन खाली ठेवला. "गप काहून बसल्या? दाखवा मला." आत नेऊन दाखवलं. बघितल्या बघितल्या म्हणाली, "हे मलमाचं काम न्हाई मावशी. मोठ्या दवाखान्यात दाखवू."

जाऊबाईंना सोबत घेऊन एसटीनं निघाले. बायकांना अर्धं तिकीट आहे, ते अशा वेळी खरंच कामाला येतं. शहागडला गोदावरीचा पूल ओलांडताना जाऊबाईंनी नदीला हात जोडले. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे, तिथं केसपेपर काढला.

तपासणाऱ्या डॉक्टर बाईच होत्या. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. एकाच बाजूला आहे की दोन्हीकडं? आधी बोंडावर सुरू झालं की भोवतीच्या काळ्या भागावर? मलमानं बरं होऊन परत येतं का? माझी उत्तरं ऐकून त्यांनी समजावलं. साधा इसब बहुतेक वेळा दोन्हीकडं असतो, भोवतीच्या काळ्या भागावर उठतो आणि बोंड सोडून देतो. त्यांना ज्या आजाराची शंका होती, तो बोंडाच्या टोकावर सुरू होतो, मग बाहेर पसरतो, आणि बहुधा एकाच बाजूला असतो. माझ्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्यानं वरची लाली दबते, म्हणून बरं वाटतं, आतलं तसंच राहतं. मग हात वर करायला लावून दोन्ही स्तन आणि काखा चाचपल्या. इतक्या नीट मला आधी कुणीच तपासलं नव्हतं.

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. मॅमोग्राफीत छाती दोन पाट्यांमध्ये दाबतात, क्षणभर दुखतं. नंतर तुकडा काढून तपासायचं ठरलं. जाऊबाई घाबरल्या, "सुई लावली की उठतं म्हणतात, नका लावू." डॉक्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही, न काढता मलम लावत बसलं की वेळ जातो. जागा बधिर केली. टिचबटणासाठी भोक पाडायचा पंच असतो ना, तसलीच बारीक नळी होती. फिरवून दाण्याएवढा तुकडा काढला, दोन टाके घातले. टाके सुबक होते, हे मी तेव्हाही पाहून घेतलं.

रिपोर्ट आला. पॅजेट्स डिसीज. स्तनाचाच कॅन्सर, पण दुर्मीळ, शंभर स्तनकॅन्सरमागं एक ते चार. जेम्स पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननं 1874 साली अशा पंधरा बायकांबद्दल लिहिलं होतं. त्यांच्या बोंडावरचं दुखणं जुनाट इसबासारखं दिसायचं आणि पुढं त्याच स्तनात कॅन्सर निघायचा. दीडशे वर्षं झाली, अन् गेवराईकडची बाई अजून नायट्याची ट्यूब लावते, हे मला फार लागलं. डॉक्टर म्हणाल्या, या आजारात जवळपास निम्म्या बायकांना गाठ हाताला लागतच नाही, आणि पुरुषांनाही तो क्वचित होतो. बोंडावर दिसतं ते टोक. बहुतेकींच्या आत दुधाच्या नळ्यांमध्येही कॅन्सर असतो. माझ्या मॅमोग्राफीत बारीक चुन्याचे ठिपके बरेच लांबवर पसरलेले होते.

ते ठिपके एका जागी असते तर बोंड आणि भोवतीचा भाग काढून, नंतर रेडिएशनचा शेक देऊन स्तन वाचवता आला असता. माझं तसं नव्हतं. यांना सांगितलं, ते रात्रभर जागे होते. सकाळी एवढंच म्हणाले, "तू राहिलीस म्हंजे झालं."

पैशाची काळजी महात्मा फुले जनआरोग्य योजनेनं मिटवली, पण सहजासहजी नाही. रेशनकार्डावर माझं नाव एक आणि आधारवर दुसरं. योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्रानं ते लगेच दाखवून दिलं. दुरुस्तीला दोन चकरा झाल्या, मजुरी बुडाली. तुमच्या घरात कुणाचं नाव असं वेगळं लागलेलं असेल तर आजच नीट करून घ्या, दुखणं येण्याची वाट पाहू नका.

ऑपरेशनमध्ये उजवा स्तन काढला आणि काखेतल्या पहिल्या लसीकाग्रंथी तपासल्या, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी जिथं पोचतो त्या. काखेत पसरलेलं नव्हतं. कॅन्सर नळ्यांच्या आतच होता, बाहेर फुटलेला नव्हता, म्हणून किमो लागली नाही. मी आठ महिने घालवूनही इथवरच थांबलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं नशीब तसं नव्हतं. त्यांनाही गाठ नव्हती, त्यांनीही मलमच लावलं होतं, पण तब्बल दोन वर्षं. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

हात वर नेण्याचे व्यायाम दिले होते. दोन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून मशीनवर बसले. पहिलं काम स्वतःचंच केलं. जुन्या मऊ सुती साडीची गोल पिशवी शिवली, आत कापूस, वजनासाठी मूठभर राळं, नाहीतर उजवा खांदा वर उचलला जातो. ब्लाउजच्या अस्तराला आतून खिसा लावला, त्यात ती बसते.

आता मापं घेताना मी पडदा ओढते आणि विचारते, खाज येती का, डाग पडतो का, एकाच बाजूला का दोन्हीकडं. पहिल्यांदा बायका बावचळतात. मग मी माझं सांगते, अन् बोलायला लागतात. मागच्या आठवड्यात गल्लीतली एक लेकुरवाळी आली. दोन्ही बोंडांना चिरा, बाळ तीन महिन्यांचं. दोन्हीकडं आहे, पाजण्यामुळं असेल, हे मला कळत होतं, तरी तुकड्यानं जे सांगायचं ते डोळ्यांनी सांगायची हिंमत मी करत नाही. आशाताईला फोन लावून दिला. ही लेकुरवाळी मंगळवारी दाखवायला जाणार आहे. तिचे दोन ब्लाउज, पुढून हूक लावून, पाजायला सोपे जातील असे, मी कालच शिवून ठेवलेत.