यंत्र थांबवा

आमचं काम गाडीवरचं. ट्रकच्या मागे मोठा श्रेडर बसवलेला असतो. ग्राहकाच्या दारात गाडी लावायची, त्याच्या डोळ्यांदेखत कागद नष्ट करायचे, प्रमाणपत्र हातात द्यायचं आणि पुढचं ठिकाण गाठायचं. नवा ग्राहक हमखास विचारतो, "तुम्हाला किती दिवसांनी बोलवावं?" त्याला उत्तर देताना मी एका कंपनीतला एक दिवस आधी सांगतो.

ती कंपनी आम्हाला वर्षातून एकदाच बोलवायची. वर्षभराचे खोके मागच्या खोलीत रचलेले, त्यांवर मार्करने फक्त 'जुने' असं लिहिलेलं. खोलीला कुलूप होतं, पण किल्ली रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये, म्हणजे कोणाच्याही हाताला लागेल अशी. माझा सहकारी खोके चाकांच्या डब्यांत रिकामे करत होता. मी डब्याचा क्रमांक, सील आणि वेळ वहीत नोंदवून डबा लिफ्टवर चढवत होतो. तीन डबे आत गेले. चौथा अर्ध्यावर उचललेला असताना लीगलच्या मॅडम पळतच बाहेर आल्या.

"थांबवा! यंत्र थांबवा आधी!"

मी लाल बटण दाबलं. एका जुन्या पुरवठादाराच्या वकिलाची नोटीस नुकतीच त्यांच्या टेबलावर आली होती. मालाच्या पैशांवरून वाद होता. अशी नोटीस हातात पडली की वादाशी ज्याचा संबंध असू शकेल असा कागद नष्ट करायचा नसतो, मग तो ठेवण्याची मुदत कधीच संपलेली का असेना.

"त्या तीन डब्यांत काय होतं?" त्यांनी विचारलं.

तिथल्या कोणालाही ते सांगता आलं नाही. माझ्या वहीत क्रमांक, सील, वेळ, सगळं होतं. पण आतले कागद कुठल्या विभागाचे आणि कुठल्या वर्षाचे, ते मला कळायचं कारणच नव्हतं. आम्ही कागद वाचत नाही, वाचायचे नसतातच.

मॅनेजर साहेबांनी विचारलं, तुकडे जोडता येतील का? उभ्या पट्ट्या कापणाऱ्या साध्या यंत्राचे कागद जोडता येतात, हे खरं आहे. १९७९ मध्ये तेहरानमधल्या अमेरिकन दूतावासात पट्ट्या केलेले कागद नंतर जुळवून छापले गेले होते. आमचं यंत्र मात्र पी-४ पातळीचं आहे. कागद नष्ट करण्याच्या डीआयएन ६६३९९ या जर्मन मानकाप्रमाणे त्या पातळीत बहुतेक सगळे तुकडे १६० चौरस मिलिमीटर किंवा त्याहून लहान असावे लागतात. शिवाय ते तुकडे आधीच्या ग्राहकांच्या तुकड्यांत पडून मिसळतात. ते मिसळावेत अशीच व्यवस्था असते. मी साहेबांना स्पष्ट सांगितलं की आता त्यातून काहीही परत येणार नाही.

मग उरलेले खोके मीटिंगच्या खोलीत नेऊन त्यांच्याच माणसांनी एकेक उघडले. आम्ही सील न झालेल्या डब्यांपाशी उभे होतो. टेबलावर जे पसरत गेलं ते बघून खोलीतली बोलणी कमी होत गेली. अगदी अलीकडच्या पगाराच्या याद्या, ग्राहकांचे बँक खाते क्रमांक, कधीच नोकरी न मिळालेल्या उमेदवारांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स, अर्धवट करारांचे मसुदे. यातले बरेच कागद काम संपलं त्याच आठवड्यात नष्ट व्हायला हवे होते, आणि ते महिनोन्‌महिने उघड्या खोक्यांत पडून होते. दुपारनंतर एका खोक्याच्या तळाशी त्या पुरवठादाराच्या चलनांचा गठ्ठा सापडला. तेवढा दिलासा मिळाला. पण त्या तीन डब्यांबद्दल समोरच्या वकिलाने काहीही म्हटलं असतं, तरी कंपनीकडे दाखवायला एक ओळसुद्धा नव्हती.

मॅडमनी तेव्हा आर्थर अँडरसनचं प्रकरण सांगितलं. ऑक्टोबर २००१ मध्ये एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीची सरकारी चौकशी सुरू झाल्यावर तिचं ऑडिट करणाऱ्या या कंपनीत कागद नष्ट करण्याची एकदम घाई झाली. २००२ मध्ये ती दोषी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण ज्यूरीला दिलेल्या सूचना चुकीच्या होत्या. पण तोवर तिचा ऑडिटचा व्यवसाय संपला होता. कागद नष्ट करण्याचं धोरण तिच्याकडेही होतं. नेमकं त्याच वेळी ते आठवलं, यावर लोकांनी बोट ठेवलं.

म्हणून मी ग्राहकांना आधी नियमितपणाबद्दल सांगतो. ठरलेल्या वारी गाडी येत असेल आणि प्रत्येक फेरीचं प्रमाणपत्र फाइलला असेल, तर अमुक कागद का नाही याचं उत्तर तारखेसह देता येतं. वर्षातून एकदा, जागा संपली म्हणून केलेली साफसफाई असं उत्तर देऊ शकत नाही.

त्या कंपनीत आम्ही दोन प्रवाह वेगळे केले. रोजचा टाकाऊ कागद विभागातल्या कुलूपबंद पेटीत पडतो. एचआर आणि अकाउंट्सची पेटी दर आठवड्याला रिकामी होते, इतरांची पंधरा दिवसांनी. चारपाच माणसांचं ऑफिस असेल तर महिन्यातून एकदा पुरतं. रुग्णांचे किंवा कर्जदारांचे कागद हाताळणाऱ्यांनी मात्र आठवड्यापलीकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मुदत संपलेल्या जुन्या फाइली हा दुसरा प्रवाह. त्यांची यादी होते, यादीवर लीगलची सही होते, मगच गाडी बोलावली जाते.

मॅनेजर साहेबांचा आक्षेप होता की पेटी अर्धीच भरते, मग दर आठवड्याला पैसे कशाला? मी म्हटलं, साहेब, फेरीच्या दिवशी पेटी अर्धी दिसली तर वेळापत्रक बरोबर आहे. भरून गेलेल्या पेटीच्या झाकणावर लोक कागद ठेवून जातात, आणि झाकणावरच्या कागदाला कुलूप नसतं. त्यांना लगेच पटलं नाही. वजनाच्या पावत्या काही महिने समोर ठेवल्यावर दिसलं की महिनाअखेरीला अकाउंट्सचा कागद जवळपास दुप्पट होतो. तेव्हा त्यांनी स्वतःच त्या आठवड्यात एक जादा फेरी मागितली.

पुढे तिथे आणखी एक नोटीस आली. फेरीच्या आदल्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला, "उद्या खरेदी विभागाची पेटी उचलू नका, बाकीच्या घेऊन जा." आम्ही बाकीच्या नेल्या. त्या पेटीवर त्यांनी स्वतःचं सील लावलं. आधीच्या फेऱ्यांची प्रमाणपत्रं वकिलाने मागितली तेव्हा ती त्याच दिवशी, तारखांच्या क्रमाने, त्याच्याकडे गेली.