आबांनी लिहून ठेवलेली तारीख

बलिप्रतिपदा, रात्री

आज चिखलीला माहेरी जाऊन आले. आबा गेल्यावरचा हा पहिला पाडवा. दादानं आमच्या चंद्री म्हशीला सकाळीच घासून धुतलं होतं, शिंगांना हुरमुंज लावलं होतं, गळ्यात कवड्यांची माळ घातली होती. वहिनीनं ओवाळलं. गाभण आहे म्हणून तिला पळवायला बाहेर काढली नाही.

परतताना कोल्हापुरात म्हशी पळवायला सुरुवात झाली होती. मोरपिसं लावलेल्या, पाठीवरचे केस कातरून नक्षी काढलेल्या, मालकाच्या हाकेसरशी उधळणाऱ्या म्हशी. आबा दर पाडव्याला हे बघायला न चुकता यायचे. सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या मोटारसायकलींचा दणका मात्र त्यांना सहन व्हायचा नाही. "म्हस मालकाच्या हाळीवर पळती. तिला ह्यो आवाज कशाला पायजे?" म्हणायचे. मलाही तसंच वाटतं. सणाच्या दिवशी तरी जनावराच्या कानाला त्रास नको.

दिवसभर आबांची बोटं आठवत राहिली. गोठ्यात शिरले की आधी प्रत्येक जनावराचा कान बुडाशी धरायचे. गरम लागला तर ताप. मग नाक बघायचे. धड जनावराच्या नाकावर दव साचल्यागत ओल असते, ते कोरडं पडलं की काहीतरी बिनसलंय. मग रवंथ चालू आहे का, शेण कसं पडलंय. एवढं झाल्याशिवाय वैरणीला हात नाही. आणि नातवंडांचंही हेच! कपाळाला हात लावून ताप बघायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. माझी मनू शाळेतून आली की तिची कानाची पाळी दोन बोटांत धरायचे आणि मला सांगायचे, "हिला आज कणकण हाय, अंगावर पाणी घालू नकोस." थर्मामीटर लावला की ताप निघायचाच. मनूला वाटायचं सगळ्यांचे आजोबा असंच करतात.

आमच्याकडं राहायला आले की संध्याकाळी तिला घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचे. घरात चिखलीचं दूध असायचं, विकत घ्यायचं काहीच कारण नव्हतं. पण गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात, तो मनूनं प्यायलाच पाहिजे असा हट्ट. ती पीत असेपर्यंत हे म्हशींपाशी. पंढरपुरी म्हशीचं त्यांना भारी कौतुक. तलवारीसारखी लांब शिंगं पार खांद्यामागं गेलेली, अंगानं आटोपशीर, आणि भर रस्त्यात, गर्दीत, दिवसातून कितीदाही पान्हा सोडणारी. "दुसरी म्हस अशा ठिकाणी थेंब द्यायची न्हाई," असं ते कट्ट्यावरच्या कुणालाही थांबवून सांगायचे. चंद्री त्याच जातीची.

आमचं गाव संगमावरचं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती इथं एक होतात आणि पुढं पंचगंगा म्हणून वाहतात. त्यामुळं पूर आला की पहिलं पाणी आमच्याकडं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झालं की इशारा, 43 झालं की धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पण आबा 39 व्हायचीसुद्धा वाट बघत बसले नव्हते. भर पावसात सगळी जनावरं सोनतळीच्या माळावर नेली. घरातलं धान्य, टीव्ही, कपाटं मागं राहिली. आई चिडली, तर म्हणाले, "कपाटाला जीव न्हाई." निघण्याआधी शेजारपाजारच्या गोठ्यांतून फिरून आले. माणसं आधीच बाहेर पडली असतील आणि गडबडीत एखादं जनावर दाव्यालाच राहिलं असेल तर ते बुडणारच, म्हणून. मोकळं असलं तर पोहून निदान कुठं तरी लागतं. एका गोठ्यातली दोन वासरं त्यांनी सोडून आणली आणि पाणी उतरल्यावर मालकाच्या दारात नेऊन बांधली. गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला तर पोत्यात घालून खांद्यावरून आणलं होतं. ते पुढं आमच्याच दारात राहिलं.

माळावर मुक्कामाला असताना मनू आणि दादाचा सोन्या त्यांच्यापाशीच झोपायचे. वरून ताडपत्री, भोवती जनावरं. तिथं त्यांनी पोरांना शाहू महाराजांच्या गोष्टी सांगितल्या. याच सोनतळीला महाराजांचा कॅम्प होता. हत्तींच्या साठमारीच्या, हरणांच्या शिकारीसाठी पाळलेल्या चित्त्यांच्या गोष्टी. सोन्यानं विचारलं, "आबा, चित्त्याला भ्या वाटत नव्हतं काय माणसाचं?" आबा म्हणाले, "ज्याच्या हातचं खातंय त्याचं भ्या न्हाई वाटत, बाळा." पोरांना पूर म्हटला की अजून ती ताडपत्रीच आठवते. भीती आठवत नाही. हे आबांनीच केलं.

2022 मध्ये जनावरांचा लम्पी रोग आला तेव्हा आमची कपिला गाय त्यात सापडली. अंगभर गाठी, ताप, पाय सुजलेले. माशा, डास, गोचीड यांच्यातून पसरणारा रोग, म्हणून आबांनी तिला लांब परड्यात बांधलं आणि स्वतःची बाजही तिथंच टाकली. डॉक्टरांचं इंजेक्शन, औषधं वेळच्या वेळी. सांजसकाळ लिंबाच्या पाल्याचा धूर. गाठी फुटल्या की कोमट पाण्यानं एकेक जखम पुसायची, वर मलम लावायचं, आणि हे सगळं तिच्याशी बोलत बोलत. गाय उठली, पण दूध कायमचं कमी झालं. लोक म्हणाले, आता काढून टाका. आबांनी त्यावर उत्तरसुद्धा दिलं नाही. ती गेल्या वर्षी गोठ्यातच, म्हातारी होऊन गेली.

फाल्गुनात आबा गेले. आजारपण फार लांबलं नाही. शेवटचे काही दिवस त्यांची बाज गोठ्याकडच्या खिडकीपाशी लावली होती. आवाज खोल गेला होता, तरी चंद्री हंबरली की डोळे उघडायचे आणि विचारायचे, "पाणी दावलं काय?"

ते गेल्यावर चंद्रीनं पान्हा चोरला. दादा बसला, लाथ मारली. वहिनी बसली, नुसती उभी राहिली. आमोण ठेवलं, हुंगून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी वहिनीनं आबांचा धारेला बसतानाचा सदरा खुंटीवरून काढला, अंगात घातला आणि डोक्याला त्यांचाच टॉवेल गुंडाळला. चंद्रीनं मान वळवून बराच वेळ वास घेतला, मग धार दिली. आई दारात उभी होती. आम्ही सगळ्याच रडलो. पुढं महिनाभर वहिनी तोच सदरा घालून धारेला बसायची. धुतला नाही.

आज जेवणं झाल्यावर दादानं गोठ्यातलं कॅलेंडर दाखवलं. माघातल्या एका तारखेभोवती आबांच्या हातचं गोल आणि शेजारी लिहिलेलं, 'चंद्री भरवली'. पुढची पानं उलटली तर मार्गशीर्षात आणखी एक गोल. म्हशीच्या गाभणपणाचे दहा महिने दहा दिवस त्यांनी तेव्हाच मोजून ठेवले होते. खाली बारीक अक्षरात 'मनूला सांगणे'. तिनं मागं कधी तरी म्हटलं होतं, मला म्हस व्यालेली बघायचीय.

म्हणजे दीड महिना राहिला. आता चंद्रीला आटवलीय, दादा रोज तिला संथ चालवून आणतो. मी मनूच्या बाईंशी शाळेत बोलणार आहे, दोन-तीन दिवस रजा लागेल. चालत नसेल तरी मी तिला नेणार. वहिनीला खरवसाची घाई असते, तिला आत्ताच फोन करून सांगितलं: चीक आधी पारड्याच्या पोटात, त्याचं पोट भरलं की मग आपलं. आबा असते तर हेच म्हणाले असते. ती म्हणाली, "ताई, मला काय सांगताय, मी तर त्यांचा सदरा घालून बसणार हाय त्या दिवशी."